लाईट सर्टिफिकेट, इन्वॉटर आणि पॉवर ऑफ आंतोनी : चुकीचा ऐकलेला शब्द कसा समजून घ्यायचा

म्हापशाला आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. शुक्रवारी बाजार असतो त्या दिवशी पेडणे-डिचोलीकडची माणसं खरेदीला येतात आणि जाता जाता फॉर्मचं काम पण उरकून घेतात, त्यामुळे शुक्रवारी आम्हाला चहा प्यायला पण फुरसत नसते. अशाच एका शुक्रवारी एक मावशी आल्या, पिशवीतून नीट घडी केलेलं लाईटबिल काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाय, लाईट सर्टिफिकेट काढून दे गो, नाहीतर दयानंदचे पैसे बंद होणार म्हणतात." दयानंदचे पैसे म्हणजे गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळणारे पैसे.

मी पटकन बोलून गेले, "लाईट नाही हो मावशी, लाईफ! लाईफ सर्टिफिकेट! लाईटबिल कशाला आणलंत?" मागची लाईन हसली. मावशींनी बिल परत घडी करून पिशवीत टाकलं, "बरं, घरी विचारून येते" म्हणाल्या आणि गेल्या त्या परत आल्याच नाहीत. नंतर त्यांच्या शेजारणीकडून कळलं की दाखला उशिरा गेला आणि मधले पैसे अडकले. हे मला फार लागलं, अजून लागतं, कारण मावशींचं चुकलं काय होतं? कुठलाही फॉर्म भरायला जा, लाईटबिल मागतातच, आणि घरात दिवा लागतोय म्हणजे आत माणूस आहे, जिवंत आहे, मग त्याचा दाखला म्हणजे लाईट सर्टिफिकेट, हिशोब अगदी बरोबर जुळतो. फक्त तो हिशोब मी विचारला नाही.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवलीय आणि असे शब्द लिहून ठेवते. काउंटरवर, दवाखान्यात, बँकेत, गॅरेजमध्ये किंवा घरीच आईबाबांना मोबाईल शिकवताना ज्यांना असे शब्द ऐकायला मिळतात त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट नीट ओळखायला शिका. कोणी "इस्टूल" म्हणालं, "फिलिम" म्हणालं, तर तो फक्त जिभेचा वळसा आहे, जोडाक्षर सोपं करून घेतलंय, त्यात वेगळा अर्थ नाही, ते सोडून द्या. मी म्हणतेय ते शब्द वेगळे, ज्यात माणसाने अनोळखी आवाज ऐकला आणि आपल्या ओळखीच्या तुकड्यांनी तो परत बांधला, आणि बांधलेल्या शब्दाला त्याच्यापुरता अर्थ आहे. इंग्रजीत याला एगकॉर्न म्हणतात. २००३ मध्ये मार्क लिबरमन या भाषाशास्त्रज्ञाने एका बाईबद्दल लिहिलं होतं, ओक झाडाच्या फळाला इंग्रजीत एकॉर्न म्हणतात पण ती एगकॉर्न म्हणायची, फळ दिसतं अंड्यासारखं आणि दाणा म्हणजे कॉर्न, तेव्हा तिच्या दृष्टीने बरोबरच. अशा शब्दांना नाव नव्हतं, तर जेफ्री पुलम म्हणाले की हेच नाव ठेवूया. मराठीत याला मला कुठे सुटसुटीत शब्द सापडला नाही, माझ्या वहीवर मी "जुळवलेले शब्द" असं लिहिलंय.

तपासायचं कसं? माणसाला त्या शब्दामागे कारण सांगता येतं का बघा. कारण आहे तर तो जुळवलेला शब्द.

आता पहिलं काम. गप्प बसा. खरंच, दोन सेकंद काही बोलू नका, विशेष करून मागे लाईन असेल तर. आणि मग "म्हणजे काय?" असं विचारू नका, ते परीक्षेसारखं वाटतं, माणूस आवळून घेतो. त्यापेक्षा वापराबद्दल विचारा. ते काय काम करतं हो तुमच्याकडे? कोणी सांगितलं आणायला? ते मिळालं की पुढे काय होणार? या प्रश्नांना कोणीही आनंदाने उत्तर देतं, आणि त्या उत्तरात त्याच्या डोक्यातलं सगळं चित्र तुम्हाला दिसतं.

उदाहरण सांगते. आमच्या शेजारचे काका इन्व्हर्टरला "इन्वॉटर" म्हणतात. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते-येते, घरोघरी इन्व्हर्टर आहे, आणि काका दर थोड्या दिवसांनी म्हणायचे, "इन्वॉटरात पाणी घालायचं राहिलं." मी पूर्वी हसून सोडून दिलं असतं. या वेळी विचारलं, कुठलं पाणी घालता काका? तर म्हणाले, "विहिरीचं, आमच्या विहिरीचं पाणी एकदम गोड आहे." बघा, शब्दाने त्यांना अर्धी गोष्ट बरोबर सांगितली होती, की याच्या आत वॉटर लागतं, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ते खरंच लागतं, पातळी खाली गेली की भरावं लागतं. पण लागतं ते डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या, नळाच्या आणि बाटलीतल्या मिनरल पाण्यातही क्षार असतात, ते बॅटरीच्या प्लेटा खराब करतात. मी काकांना शब्द सुधारायला सांगितलाच नाही, पाणी सुधारायला सांगितलं. ते आजही इन्वॉटर म्हणतात, पण आता हार्डवेअरच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणतात. माझ्या मते हे काम पूर्ण झालं.

म्हणजे शब्द चुकला की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, त्या चित्राने माणूस कुठे आपटणार आहे का, ते बघा.

बहुतेक वेळा आपटत नाही. स्टेबिलायझरला "टेबलायझर" म्हणणारे खूप आहेत, टेबलावर ठेवतात म्हणून टेबलायझर, काय बिघडलं? थ्री फेजला "तीन फेस" म्हणतात, तीन तोंडांची लाईन, वायरमनला कळतं. गॅरेजमध्ये "शॉकप" म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर, धक्का वर उचलून घेतो, आणि स्वतः मेकॅनिकच शॉकप म्हणतो तेव्हा तुम्ही पूर्ण शब्द सांगितलात तर तोच तुमच्याकडे बघत राहील. खाणीवर माती उकरायचं मशीन म्हणजे पोकलेन, लहानपणी मला पक्कं वाटायचं की डोंगर पोकळ करतं म्हणून पोकलेन, पुढे कळलं की पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी आहे आणि तिचं नाव आपल्याकडे मशीनलाच चिकटलं. मशीन मात्र डोंगर पोकळच करत होतं.

कधी कधी तर जुळवलेला अर्थच खरा निघतो, तेव्हा घाईने "चूक" म्हणून तोंडघशी पडू नका. आमच्याकडे मासेमारीत पर्ससीन जाळं असतं, एक मासेविक्री करणाऱ्या मावशी "पर्सनेट" म्हणतात, का विचारलं तर म्हणाल्या, पर्ससारखं तोंड आवळतं म्हणून. अगदी तसंच आहे! खालची दोरी ओढली की जाळ्याचं तळ बटव्यासारखं मिटतं, म्हणूनच इंग्रजीत त्याला पर्स हा शब्द लावला. तसंच "सीझर". सिझेरियनला सगळे सीझर म्हणतात आणि कित्येकींच्या डोक्यात कात्रीच असते, कात्रीने कापून बाळ काढलं. आता सिझेरियन या शब्दामागे ज्युलियस सीझरची दंतकथा सांगतात तसं कापणे या अर्थाचं लॅटिन क्रियापदही सांगतात, आणि इंग्रजी कात्रीचा शब्दही त्याच क्रियापदाकडून आलाय. म्हणजे बाळंतिणीच्या सासूने जो अर्थ लावला तो शब्दकोशापासून फार लांब नाही.

आणि गोव्यात राहून आपण कोणाला काय नावं ठेवणार, आपण तर असे शब्द रोज खातो. मानकुराद आंबा घ्या. पोर्तुगीज मालकोरादो, म्हणजे रंगाला बरा नसलेला, त्याचा मानकुराद झाला, आणि ऐकताना त्यात "मान" आला, आणि आज सीझनला बाजारात त्याला जो मान आहे तो बघता नाव शोभतंच. आफोन्सचा हापूस झाला. १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षं पोर्तुगीज इथे होते, तेवढ्या काळात आपल्या पणजीआजीने त्यांचे शब्द कानाने उचलले आणि आपल्या घरात बसतील असे करून घेतले, चावी, बटाटा, पाव, पगार, तुरुंग. तेव्हा कोणी काउंटरवर बसून त्यांना हसलं असेल का, माहीत नाही, पण शब्द टिकले ते त्यांचे.

असो. आता जिथे आपटायची भीती आहे तिकडे येते, इथे जास्त लक्ष द्या.

दवाखाना. "अँजिओप्लास्टिक" हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की मोजणं सोडलं. अँजिओप्लास्टी ऐकलं की शेवटी प्लास्टिकच ऐकू येतं, आणि मग चित्र तयार होतं की हृदयात प्लास्टिकची नळी घालणार. एक दादा कागद झेरॉक्स करायला आले होते, वडिलांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलेलं, आणि वडील नको म्हणत होते, कारण, प्लास्टिक आत वितळलं तर? भीती खरी होती, फक्त भलत्या वस्तूची होती. अशा वेळी "प्लास्टिक नाही हो, प्लास्टी" एवढंच सांगून काही उपयोग नाही, कारण प्लास्टी म्हणजे काय ते कोणालाच दिसत नाही. वस्तू सांगा. बारीक नळीतून एक छोटा फुगा नेतात, अडलेल्या जागी फुगवतात, रस्ता मोकळा होतो, आणि बहुतेक वेळा तिथे धातूची बारीक जाळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात, ती रस्ता उघडा ठेवते. जुनं चित्र काढून घेतलं तर जागी नवं चित्र ठेवावं लागतं. बाकी वैद्यकीय सल्ला आपण द्यायचा नाही, "हा प्रश्न डॉक्टरांना असाच विचारा" म्हणून तो कागदावर लिहून द्यायचा. त्या दादांना मी तेवढंच केलं.

हायपरटेन्शन तर ऐकायला नीट ऐकलेलं असतं पण अर्थ तिथेच फसतो. टेन्शन हा शब्द मराठीत आधीच आहे ना, म्हणजे काळजी. मग हायपरटेन्शन म्हणजे लय काळजी, आणि त्याची गोळी म्हणजे काळजीची गोळी. मुलीचं लग्न झालं, टेन्शन संपलं, गोळी बंद! ही साखळी मी स्वतः एका काकींच्या तोंडून ऐकलीय. तिथे लगेच बोला, हळू पण लगेच बोला, की काकी हे रक्ताच्या दाबाचं नाव आहे, मनाला बरं वाटलं तरी दाब वाढलेला असू शकतो, बहुतेकांना तो जाणवत पण नाही, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. "बीपीची गोळी" म्हणायची सवय लावा, टेन्शन शब्दच मधून काढून टाका.

कागदपत्रांत "पॉवर ऑफ आंतोनी". आपल्याकडे अर्धं गाव आखातात, बोटीवर नाहीतर पोर्तुगाल-लंडनला, मागे घर-जमिनीची कामं कोणीतरी करायची तर पॉवर ऑफ ॲटर्नी लागतेच, आणि आंतोनी म्हटल्यावर कोणीतरी ओळखीचा भला माणूस डोळ्यासमोर येतो ज्याच्या हातात आपण पॉवर दिली. चित्र छान आहे आणि बरंचसं खरं आहे. पण त्यात एक खड्डा आहे, एकदा आंतोनीला पॉवर दिली की ती आंतोनीची झाली असं वाटतं, देणारा वारला तरी. तसं नाही. देणारा वारला की साधारणपणे ती पॉवर तिथेच संपते, मग वारसांचं काम वेगळं सुरू होतं. म्हणून हा शब्द ऐकला की मी आधी एवढंच विचारते, ज्यांनी सही केली ते आहेत ना? नसतील तर फॉर्म बाजूला ठेवून वकिलाकडे पाठवते.

आणि पैसे. इथे मात्र दोन सेकंद पण थांबू नका. गोव्यात ओडीपी हा शब्द गावागावात चालतो, आउटलाइन डेव्हलपमेंट प्लॅन, जमिनीचा झोन बदलला की काय म्हणून लोक पंचायतीत भांडतात. एक आबा फोन हातात धरूनच दुकानात आले, "गो बाय, हा ओडीपीचा नंबर आलाय ना माझ्या शेताचा? हा माणूस विचारतोय." फोन चालूच होता. त्यांनी ओटीपीला ओडीपी ऐकलं होतं आणि जमिनीची चौकशी म्हटल्यावर ते नंबर वाचून दाखवणारच होते, फक्त चष्मा नव्हता म्हणून माझ्याकडे आले. मी फोन कट केला आणि मग समजावलं. ओटीपीला मी तेव्हापासून "एकदाच चालणारी चावी" म्हणते. चावी कोणी मागितली तर देणार का, मग झालं. आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन, तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, घरात भिंतीवर लिहून ठेवा.

पिनचंही तसंच. पिन म्हटलं की खिळी, कडी, असलं काहीतरी डोक्यात येतं, कडी काढली की दार उघडतं, आणि उघड्या दारातून पैसे बाहेर जातात तसे आत पण येतील. म्हणून "तुमचे पैसे आलेत, घ्यायला पिन टाका" म्हटलं की माणूस टाकतो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पाठवायला लागतो आणि बॅलन्स बघायला. मी सांगते, ही कडी फक्त बाहेर जायच्या दाराला आहे. कडीचं चित्र त्यांचंच ठेवलं, दार तेवढं बदललं, आणि हे लक्षात राहतं, मी महिन्यानंतर परत विचारून बघितलंय.

बरोबर शब्द परत कसा द्यायचा? "नाही" या शब्दाने सुरुवात करू नका. आपल्या वाक्यात बरोबर शब्द सहज घालून बोला, दोनदा-तीनदा. "हो मावशी, लाईफ सर्टिफिकेट काढूया, हयातीचा दाखला, आधार आणलंय?" एवढंच. त्यांना घ्यायचा तर त्या घेतील. मराठी शब्द असेल आणि लोकांना कळणारा असेल तर तोच पुढे करा, हयातीचा दाखला म्हटल्यावर कोणी लाईटबिल आणणार नाही. आमच्या दुकानाच्या दारावर आता मोठ्या अक्षरात तेच लिहिलंय. आणि जाताना त्यांच्याकडून वदवून घ्या, "घरी सुनेला काय सांगणार?" असं विचारलं की त्या आपल्या भाषेत सांगतात आणि कुठे गळलं ते लगेच कळतं, नर्सेसना पण हे शिकवतात, टीच-बॅक म्हणतात त्याला.

फॉर्मवर मात्र अधिकृत शब्दच लिहायचा, तिथे दयामाया नाही, कागद वाचणारा माणूस त्या मावशींना ओळखत नाही.

फोनवर बोलताना वेगळी काळजी. जुन्या टेलिफोन लाईनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, आणि स आणि फ यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वरच्या आवाजात असतो, म्हणून फोनवर एस आणि एफ एकच वाटतात, आजही खराब रेंजमध्ये तसंच होतं. कान खराब आहेत असं कोणाला म्हणू नका. आम्ही गावांची नावं लावतो, एम म्हापशाचा, पी पणजीचा, बी बांबोळीचा, डी डिचोलीचा, एस साखळीचा, एफ फोंड्याचा, इथल्या माणसाला हे चटकन जमतं. बँकेचा आयएफएससी कोड घेताना लक्षात ठेवा, एकूण ११ अक्षरं-आकडे, पहिली चार अक्षरं आणि पाचवा नेहमी शून्य, लोक तो ओ म्हणून वाचतात आणि फॉर्म परत येतो. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. हे पाठ असलं की चुकीचं ऐकलेलं तिथल्या तिथे पकडता येतं.

आणि वही ठेवाच. शब्द लिहा, खरा शब्द लिहा, आणि माणसाने काय कारण सांगितलं ते त्याच्याच शब्दात लिहा, नाव लिहू नका. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, नाहीतर ती नुसती चुकांची यादी होते आणि कोणाच्या हातात पडली तर लोक हसायला वापरतात.

माझ्या वहीतली गेल्या शुक्रवारची नोंद "कायवयसी" अशी आहे. पार्सेकडचे एक आजोबा, बँकेतून केवायसी करायला सांगितलेलं, के-वाय-सी फोनवर ऐकलं ते काय-वय-सी, काय वय आहे ते विचारतायत, म्हणून जुन्या ट्रंकेतून शाळेचा दाखला शोधून घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत, वर दुसरी पिशवी, पावसात भिजू नये म्हणून. मी म्हटलं, आजोबा बरं केलंत आणलात ते, जन्मतारीख फॉर्मात लिहावीच लागते, यावरून बघून लिहू, आता तुमचं केवायसी पूर्ण करायला आधार आणि पॅन पण द्या. त्यांनी शर्टाच्या खिशातून दोन्ही काढून दिली.